जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनासाठी कार्ब्युरेटर कसा ओळखावा आणि कसा निवडावा

जुन्या गाडीचा जोर वाढवायचा ठरला की आमच्या आर्वी तालुक्यात पहिला प्रश्न असतो तो ‘मोठा कार्ब्युरेटर कुठे मिळेल’ हा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसा वाया जातो तो याच प्रश्नामुळे. कार्ब्युरेटर इंजिनात हवा ढकलत नाही. पिस्टन खाली जाताना जी हवा ओढली जाते तिच्या वेगावर तो पेट्रोल मोजून सोडतो. हवेची वाट गरजेपेक्षा रुंद केली की तिचा वेग मंदावतो, वेग मंदावला की व्हेंचुरीतला, म्हणजे कार्ब्युरेटरच्या आतल्या अरुंद गळ्यातला, दाब पुरेसा उतरत नाही, आणि मग पेट्रोल बारीक फवाऱ्याऐवजी थेंबाथेंबाने येते. अशी गाडी वरच्या फेऱ्यांत (इंजिन मिनिटाला जास्त वेळा फिरते तेव्हा) कदाचित बरी धावेल, पण बैलगाडीमागून निघताना किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, म्हणजे जिथे जोर खरोखर हवा असतो तिथेच, ती मान टाकेल. म्हणून या लेखात आकाराआधी ओळख आणि ओळखीआधी इंजिनाची तपासणी असा क्रम ठेवला आहे. उदाहरणे आपल्याकडे अजून दिसणाऱ्या गाड्यांचीच आहेत: प्रीमियर पद्मिनी (१०८९ सीसी), १४८९ सीसीची जुनी पेट्रोल अम्बॅसेडर आणि कार्ब्युरेटरवर चालणारी १२९८ सीसीची मारुती जिप्सी.

खरेदीआधी इंजिनाला विचारा

सध्याचा कार्ब्युरेटर खरोखर अपुरा पडतो आहे का, हे एका साध्या व्हॅक्यूम गेजने कळते. गेजची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्याच्या) छिद्राला जोडावी. चांगल्या इंजिनात आयडलवर (एक्सलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) काटा साधारण १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला सुमारे एक इंच वजा होतो, त्यामुळे नागपूर, अमरावती किंवा यवतमाळच्या उंचीवर एक-दीड इंच कमी दिसले तर घाबरू नये. काटा थरथरत असेल तर व्हॉल्व्ह, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा हवेची गळती यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे, आणि त्या बिघाडावर नवा कार्ब्युरेटर हे औषध नाही.

खरी परीक्षा पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे कार्ब्युरेटरची हवेची झडप पूर्ण उघडी असताना, होते. गेज केबिनमध्ये घेऊन, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर पूर्ण दाबून इंजिनाला वरच्या फेऱ्यांपर्यंत न्यावे. एकच कार्ब्युरेटर असलेल्या लहान इंजिनात तेव्हा दोन ते तीन इंच व्हॅक्यूम उरले तर ते नैसर्गिक आहे. चार-पाच इंचांपेक्षा जास्त उरले तर हवेची वाट अरुंद आहे असे समजावे. ती अडचण एअर फिल्टरमध्येही असू शकते, म्हणून हीच चाचणी फिल्टर काढून एकदा पुन्हा करावी. काटा शून्याजवळ येत असेल तर मोठा कार्ब्युरेटर काहीही देणार नाही. माझ्या पद्मिनीवर मी ही चाचणी न करताच एक मोठा दुहेरी कार्ब्युरेटर चढवला होता. दोन महिने जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्राची पितळी तोंडे) बदलत बसल्यावर लक्षात आले की दोष प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये होता.

कॉम्प्रेशनही मोजून घ्यावे. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त दूर असतील तर आधी इंजिन उघडावे.

हातात आलेला कार्ब्युरेटर ओळखणे

जुन्या सामानाच्या बाजारात कार्ब्युरेटर बहुधा ढिगात पडलेला असतो आणि दुकानदार तो ‘वेबर’ किंवा ‘सोलेक्स’ म्हणून हातात देतो. त्या शब्दावर विसंबू नये. पहिले काम स्वच्छतेचे, आणि तेही जपून करावे. डिझेल व मऊ ब्रशने मळ काढावा, वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नये, कारण कोरलेले आकडे हीच त्याची जन्मपत्रिका असते आणि ते एकदा घासले गेले की परत येत नाहीत.

मग हवेचा मार्ग पाहावा. हवा वरून खाली जात असेल तर तो डाउनड्राफ्ट आणि बाजूने आडवी जात असेल तर साइडड्राफ्ट. यावरूनच तुमच्या मॅनिफोल्डवर तो बसण्याची शक्यता आहे की नाही हे निम्मे ठरते. पद्मिनीचा सोलेक्स डाउनड्राफ्ट आहे, जुन्या अम्बॅसेडरचा एसयू या कंपनीचा कार्ब्युरेटर साइडड्राफ्ट आहे, आणि एकाच्या मॅनिफोल्डवर दुसरा सरळ बसत नाही.

यानंतर अक्षरे व आकडे वाचावेत. सोलेक्स आणि वेबरमध्ये सुरुवातीचा आकडा बहुधा थ्रॉटल झडपेच्या छिद्राचा मिलिमीटरमधला व्यास असतो. ‘४० डीसीओई’ म्हणजे ४० मिलिमीटरच्या दोन छिद्रांचा आडवा वेबर, तर ‘३४ आयसीटी’ म्हणजे ३४ मिलिमीटरच्या एका छिद्राचा उभा. ‘३२/३६ डीजीव्ही’ या नावातले दोन आकडे दोन वेगवेगळ्या छिद्रांचे आहेत. त्यातले ३२ चे छिद्र आधी उघडते, एक्सलरेटर बराच दाबल्यावर ३६ चे उघडू लागते. रोजच्या वापराच्या गाडीसाठी ही रचना मला सर्वांत समंजस वाटते, कारण सावकाश चालवताना इंजिन लहान छिद्रावर चालते आणि हवेचा वेग टिकून राहतो. याच घराण्यातला ३८ मिलिमीटरचा वेबर दिसायला जवळजवळ तसाच असतो, पण त्याची दोन्ही छिद्रे एकाच वेळी उघडतात. बाजारात या दोघांची अदलाबदल सर्रास होते. थ्रॉटलचा दांडा हाताने हळूच फिरवून पाहिला तर एका सेकंदात फरक कळतो: दोन्ही झडपा एकदम हलल्या तर तो ३८ आहे.

एसयूची मोजणी इंचात आहे आणि तिची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. एचएस या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे एका इंचावर आणखी किती अष्टमांश इंच, हे सांगणारा आकडा. म्हणून एचएस२ चे तोंड सव्वा इंचाचे, एचएस४ चे दीड इंचाचे आणि एचएस६ चे पावणेदोन इंचाचे असते. ज्या प्रकारात फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारी वाटी) वेगळे न लटकता मुख्य शरीरातच असते त्याला एचआयएफ म्हणतात, आणि एचआयएफ४४ मध्ये आकडा मिलिमीटरमध्ये दिला आहे. फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली ॲल्युमिनियमची एक लहान पट्टी असते व तिच्यावर मूळ नोंदणीचा क्रमांक असतो. ती पट्टी शाबूत असलेला एसयू मिळाला तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मी योग्य समजतो. आतल्या सुईच्या बुंध्यावरही अक्षरे कोरलेली असतात आणि मिश्रण ठरवणारी खरी गोष्ट ती सुईच असते. एसयूसारखाच दिसणारा, पण वर पिस्टनऐवजी रबरी पडदा असणारा कार्ब्युरेटर हा स्ट्रॉमबर्ग असतो. त्याच्या नावातले १५० किंवा १७५ हे आकडे दीड आणि पावणेदोन इंच दाखवतात.

अमेरिकन हॉली आपल्याकडे क्वचित येतो. त्याचा ‘लिस्ट’ क्रमांक हवेच्या तोंडाशी, चोकच्या भिंतीवर कोरलेला असतो आणि क्षमता प्रति मिनिट घनफुटांत सांगितली जाते. तिथे एक सापळा आहे. दोन छिद्रांच्या कार्ब्युरेटरची क्षमता तीन इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, तर चार छिद्रांच्या कार्ब्युरेटरची दीड इंचावर. ३५० घनफूट लिहिलेल्या दोन छिद्रांच्या कार्ब्युरेटरला चार छिद्रांच्या मोजपट्टीवर आणायचे तर १.४१ ने भागावे, म्हणजे तो सुमारे २४८ चा ठरतो.

आकडे वाचून झाल्यावरही व्हर्निअरने स्वतः मोजावे: थ्रॉटलचे छिद्र, व्हेंचुरीचा सर्वांत अरुंद भाग आणि खालच्या फ्लँजवरच्या (मॅनिफोल्डवर टेकणाऱ्या सपाट कडेवरच्या) बोल्टांमधले अंतर. इथे शब्दांचा एक घोळ टाळायला हवा. आपल्या गॅरेजात ‘चोक’ म्हणजे थंड इंजिन सुरू करण्यासाठी ओढायची तार, पण वेबरच्या तक्त्यांत ‘चोक’ म्हणजे आतली बदलता येणारी व्हेंचुरी. सुटे भाग मागवताना ‘व्हेंचुरी’ असाच शब्द वापरावा.

जेटवरचे आकडेही कार्ब्युरेटरची ओळख सांगतात. वेबर व सोलेक्समध्ये १२० लिहिलेला जेट म्हणजे १.२० मिलिमीटरचे छिद्र. जपानी मिकुनी कंपनीचे अनेक जेट मात्र व्यासाने नव्हे तर त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणाने मोजलेले असतात आणि हॉलीचे आकडे त्या कंपनीचे स्वतंत्र आहेत. एका घराण्याचा जेट आकडा जुळतो म्हणून दुसऱ्यात घालणे ही हमखास चूक आहे. जेटच्या छिद्रात कधीही तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि दोन-तीन वेळा घासले की १२० चा १२५ होतो.

नक्कल ओळखणे हा कठीण भाग आहे. जुन्या वेबरवर इटलीतल्या बोलोन्या शहराचे नाव कोरलेले सापडते. पुढे उत्पादन स्पेनमध्ये गेल्यामुळे स्पेनचे नाव असलेला वेबर नकली ठरत नाही. नकली मालात ओतकामाचा पृष्ठभाग खरबरीत असतो, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि झडप बंद केल्यावर आरपार दिव्याकडे पाहिले तर कडेने चंद्रकोरीसारखा उजेड दिसतो. अस्सल आणि न झिजलेल्या नगात तो अगदी बारीक व सर्वत्र सारखा असतो.

शेवटी झीज पाहावी. थ्रॉटलची दांडी दोन बोटांत धरून वर-खाली हलवावी. खुळखुळ जाणवली तर तिथून हवा शिरणार आणि आयडल कधीच स्थिर होणार नाही. अशा नगाला लेथवर पितळी बुश घालता येतात, पण तो खर्च आधीच हिशेबात धरावा. फ्लँज सपाट काचेवर ठेवून खाली ०.१ मिलिमीटरची फिलर गेज सरकते का ते बघावे. बोल्ट अती आवळल्यामुळे वाकलेले फ्लँज आपल्याकडे फार सापडतात.

आकार ठरवण्याचा हिशेब

चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच प्रत्येक सिलिंडर हवा भरतो. म्हणून इंजिनाचे लिटर गुणिले कमाल फेरे, भागिले दोन, आणि त्याला सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते प्रमाण लावले की मिनिटाला लागणारी हवा लिटरमध्ये मिळते. रस्त्यावरच्या सुधारित इंजिनासाठी हे प्रमाण ८० ते ८५ टक्के धरावे. हेड साफ करून ५५०० फेऱ्यांपर्यंत नेलेल्या पद्मिनीला १.०८९ × ५५०० ÷ २ × ०.८०, म्हणजे सुमारे २३९६ लिटर हवा लागते. २८.३ ने भागले की ती जवळपास ८५ घनफूट होते. ५००० फेऱ्यांची अम्बॅसेडर याच हिशेबाने १०५ घनफुटांवर येते आणि ६५०० फेऱ्यांची जिप्सी, ८५ टक्के धरून, १२७ घनफुटांवर. ही सरासरी आहे आणि हवा झटक्याझटक्याने ओढली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता याहून बरीच जास्त लागते. तरीही हा आकडा पाहिला की ३५० घनफुटांचा कार्ब्युरेटर या इंजिनांवर का शोभत नाही ते स्पष्ट होते.

मिलिमीटरमध्ये यायचे तर जुना अंगठेनियम उपयोगी पडतो. एका सिलिंडरचे लिटर गुणिले कमाल फेरे, त्याचे वर्गमूळ, आणि त्याला ०.६५ ते ०.९ या गुणकाने गुणावे. एकच कार्ब्युरेटर चारही सिलिंडरांना पुरवत असला तरी ते आळीपाळीने हवा ओढतात, म्हणून हिशेब एकाच सिलिंडरवर करतात. मी खालचा गुणक व्हेंचुरीसाठी आणि वरचा थ्रॉटलच्या छिद्राच्या कमाल मर्यादेसाठी धरतो. वर सांगितलेल्या पद्मिनीला त्यातून सुमारे २५ ची व्हेंचुरी आणि फार तर ३५ चे थ्रॉटल मिळते, म्हणजे मूळ ३२ मिलिमीटरच्या सोलेक्सवरून ३४ चा एकेरी वेबर ही जवळजवळ शेवटची पायरी झाली. अम्बॅसेडरसाठी २८ आणि ३९ येतात. तिथे दीड इंची एसयू म्हणजे ३८ मिलिमीटर मर्यादेत बसतो, आणि एसयूमध्ये पिस्टन स्वतः वर-खाली होऊन वाट लहान-मोठी करत असल्यामुळे वरच्या मर्यादेजवळ गेले तरी खालचा जोर तितकासा हरवत नाही. जिप्सीसाठी ३० आणि ४१ येतात, म्हणून ३० ची व्हेंचुरी घातलेले दोन ४० डीसीओई हिशेबाला अचूक जुळतात. पण त्यासाठी वेगळे मॅनिफोल्ड, दोन्ही नगांचा समतोल आणि बोनेटखाली आडवी जागा हे सारे लागते. याच घराण्यातल्या १.३ लिटर इंजिनाच्या सुझुकी सामुराईवर अमेरिकेत ३२/३६ वेबर बसवण्याची रीत आहे. शेतरस्त्यावरही जाणाऱ्या गाडीसाठी माझा कौल त्याच बाजूला आहे.

दोन आकारांत मन अडकले तर लहान घ्यावा. व्हेंचुरी बदलता येणाऱ्या नगात नंतर वाढवायला वाव राहतो.

पेट्रोलचा दाबही निवडीचाच भाग आहे. वेबरला साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतो, हॉलीला सहा-सात चालतो. इंजेक्शनच्या गाडीतला इलेक्ट्रिक पंप लावून दाब न रोखता वेबरला जोडला तर फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर वाहते. यातून आग लागू शकते, म्हणून रेग्युलेटर टाळू नये.

वऱ्हाडचे ऊन, इथेनॉल आणि कापसाचे तंतू

परदेशी पुस्तकातले जेटचे तक्ते आपल्या परिस्थितीसाठी लिहिलेले नाहीत. मे महिन्यात ४५ अंशांवर हवा थंडीतल्या दहा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल पूर्ण कमी करत नाही, म्हणून मिश्रण साधारण चार-पाच टक्के रिच (पेट्रोल जास्त असलेले) होते. भर उन्हाळ्यात अचूक जुळवलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे तितकीच लीन (पेट्रोल कमी पडून) चालेल, आणि पूर्ण जोरावर लीन चालणे हेच पिस्टन जाळते. म्हणून मुख्य जेट हिवाळ्यातल्या सकाळी ठरवावा आणि उन्हाळ्यातला थोडा रिचपणा सहन करावा.

दुसरीकडे, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे जुन्या तक्त्यातल्या जेटवर गाडी लीन चालते. भरपाईसाठी जेटचे क्षेत्रफळ आठेक टक्के, म्हणजे व्यास चार टक्के वाढवावा लागतो: १२० च्या जागी १२५. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि पाणी शोषते, त्यामुळे पंपाचा पडदा, नळ्या व पॅकिंग इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, आणि महिनोन् महिने उभी राहणारी गाडी फ्लोट चेंबर रिकामे करूनच ठेवावी.

उन्हात बाजाराच्या गावी गाडी दहा मिनिटे उभी केली आणि मग सुरूच होईना, हा अनुभव अनेकांचा आहे. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून व्हेंचुरीत सांडलेले असते. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सहा ते दहा मिलिमीटर जाडीचा बॅकेलाइटचा तुकडा, सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा, आणि पेट्रोलची नळी गरम भागांपासून लांब, एवढ्याने हा त्रास बहुतेक मिटतो.

फिल्टरऐवजी कार्ब्युरेटरच्या तोंडाला उघड्या तुताऱ्या लावून गाडी चालवणे काळ्या मातीच्या मुलखात मला मान्य नाही. ती धूळ दगडी चूर्णासारखी सिलिंडर घासते आणि वेचणीच्या दिवसांत जिनिंगजवळून गेले तरी कापसाचे तंतू जाळीवर थर धरतात. तेल लावलेला मोठा फोम फिल्टर बसवावा, आणि जेटची जुळवणी तो फिल्टर लावूनच करावी.

बसवणे आणि जुळवणे

नवे पॅकिंग घालून बोल्ट आडवे-उभे, थोडे थोडे आवळावेत. इंजिन सुरू करण्याआधी पूर्ण थ्रॉटल दाबून झडप खरोखर उभी होते का, आणि सोडल्यावर स्प्रिंग तिला पूर्ण मिटवते का, हे एका माणसाला आत बसवून पाहावे. अर्धी उघडणारी झडप हे ‘जोर नाही’ या तक्रारीचे फार साधे कारण असते. फ्लोटची उंची त्या नगाच्या तक्त्याप्रमाणे लावावी आणि जेटला हात लावण्याआधीच लावावी, कारण तीच बाकी साऱ्या मापांचा पाया आहे.

डीसीओईसाठी सुरुवातीचा नियम असा: व्हेंचुरीच्या मिलिमीटरला चारने गुणले की मुख्य जेट, आणि त्यात ५० मिळवले की हवेचा जेट. ३० च्या व्हेंचुरीला १२० आणि १७०. इथेनॉलसाठी मुख्य जेट १२५. क्रम मोडू नये: आधी टायमिंग, मग आयडल, मग मध्यम वेग, शेवटी पूर्ण थ्रॉटल. मुख्य जेट पूर्ण थ्रॉटलवर बोलतो आणि हवेचा जेट त्याच्याही वरच्या टोकाला, पण शहरातले व घाटातले बहुतेक चालणे आयडल जेटवरच होते. थोडा एक्सलरेटर दाबताच गाडी अडखळत असेल तर आधी आयडल जेट आणि ॲक्सलरेटर पंपाची फवारणी पाहावी.

एसयूमध्ये बाजूची पिन पिस्टनला जेमतेम एक मिलिमीटर उचलते. फेरे क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावले तर मिश्रण योग्य, वाढून तसेच राहिले तर रिच, इंजिन बंद पडू लागले तर लीन.

प्लगचा रंग पाहण्यासाठी पूर्ण थ्रॉटलवरच क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी थांबताच प्लग काढावा. आयडलवर घरी आणलेल्या गाडीचे प्लग काहीच सांगत नाहीत. इथेनॉलमुळे रंग जुन्या चॉकलेटीपेक्षा फिका येतो, म्हणून केवळ रंगावरून जेट वाढवत जाऊ नये. शक्य असेल तर अमरावती किंवा नागपुरात धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गॅरेजात एक दिवस घालवावा. जोरासाठी जितकी रिच बाजू हवी ती पेट्रोलच्या मोजपट्टीवर १२.५ ते १३ (एका भाग पेट्रोलला इतके भाग हवा) इथे असते.

पीयूसी तपासणी यातून सुटत नाही. बीएस-२ (भारत स्टेज २) या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीसाठी आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि ती तपासणी म्हणजे आयडल मिश्रणाचे स्वस्तातले मोजमापच आहे. इंजिनच बदलायचे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते.

दोनशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवे पॅकिंग दबते. शेवटी ठरलेली व्हेंचुरी, दोन्ही जेट, फ्लोटची उंची, त्या दिवशीचे तापमान आणि पंपावरचे पेट्रोल एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा.